उतारावरची फळी आणि कॅमेऱ्याचा डोळा

नंदुरबार जिल्ह्यातील तोरणमाळचा घाट चढताना एस.टी.चे इंजिन कण्हते. त्या कष्टाने साठलेली स्थितिज ऊर्जा उतरताना गतिज होते. परदेशांत घाटरस्त्यांवरून 'लाँगबोर्ड' नावाच्या चाकांच्या फळीवर उभे राहून उतरतात. कॅनडात २०१७ साली अशा एका फळीने ताशी १४६ किलोमीटरांचा वेग गाठला! या खेळाच्या चित्रफिती आता मोबाइलवर सहज पाहायला मिळतात. शिक्षकांनी त्यांवर बंदी घालू नये, त्या वर्गात आणाव्यात असे मला वाटते.

समजा, रस्ता दर २० मीटरला १ मीटर उतरतो. घर्षण व हवेचा विरोध सोडला, तर २०० मीटरनंतर फळीचा वेग ताशी ५० किलोमीटर होईल. फळीला ब्रेक नसतो. पाय घासून किंवा फळी आडवी सरकवून थांबायचे. वेग दुप्पट झाला की थांबण्याचे अंतर चौपट. चित्रफितीत यातले काय दिसते? रुंद कोनाच्या भिंगामुळे उतार सपाट भासतो. बंद ठेवलेला रस्ता, वळणावर इशारा देणारा सोबती, फसलेले प्रयत्न बहुधा कापलेले असतात. आपल्या घाटात वळणापलीकडून जीप येते.

त्यापेक्षा बेअरिंगची गाडी करा. शाळेच्या मैदानात फळ्यांचा बुटका उतार रचा, पुढे दर मीटरला चुन्याची रेघ मारा आणि बाजूला उभे राहून मोबाइलने चित्रण करा. सेकंदाला ३० चित्रे टिपली जात असतील आणि गाडी १५ चित्रांत २ रेघांमधले अंतर, म्हणजे १ मीटर, तोडत असेल, तर वेग सेकंदाला २ मीटर. उताराची उंची चौपट केल्यावर किती चित्रे लागतात, ते मोजा.