जोडून द्या, तपासून द्या

आम्ही पुण्यातले सायकल दुरुस्त करणारे, चालवणारे आणि मुलांना सायकल घेऊन देणारे पालक. आमची मागणी एकच: जो सायकल विकेल, त्यानं ती पूर्ण जोडून, तपासून आणि पुढे दुरुस्त होईल अशीच विकावी.

मॉलमधली किंवा ऑनलाइन मागवलेली स्वस्त सायकल खोक्यातून येते. ‘८५ टक्के जोडलेली’ असं सांगून ती विकतात. उरलेल्या १५ टक्क्यांत हँडल, पुढचं चाक, पायडल आणि ब्रेक येतात. ज्यावर जीव अवलंबून, तेच नेमकं ग्राहकाच्या नाहीतर घाईतल्या एखाद्या कामगाराच्या हाती सोडलेलं. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. हे ठाऊक नसलेला माणूस ते जोर लावून फिरवतो, आटे मरतात, आणि पुढे कधीतरी चढावर उभं राहून मारताना पायडल निखळतं. चिमटा उलटा बसवलेल्या सायकली आमच्याकडे येतात. वळताना मुलाचा पाय पुढच्या चाकाला लागतो आणि घरच्यांना वाटतं, त्याला अजून नीट चालवता येत नाही. हँडलच्या दांड्यावर तो किमान किती आत बसायला हवा याची खूण असते. ती खूण बाहेर दिसत असेल तर सायकल रस्त्यावर आणू नका, एवढंही विकणारा सांगत नाही.

स्वस्त सायकल घेणाऱ्याला आम्ही बोल लावणार नाही. ‘जरा चांगली घ्यायची होती’ हे दुकानात उभ्या असलेल्या बापाला ऐकवणं क्रूर आहे. शाळा लांब, रिक्षा परवडत नाही. त्यानं झेपेल ती घेतली. जुनी काळी सायकलही साध्या माणसाचीच होती. पण तिचे कोन, छर्रे, कॉटर पिन तालुक्याच्या कुठल्याही दुकानात मिळत, कंपनी कोणतीही असो, आणि पाना-हातोडीवर ती पुन्हा उभी राही. आजच्या कित्येक स्वस्त सायकलींत चेनव्हील क्रँकला रिव्हेट मारून पक्कं केलेलं असतं. दाते झिजले की अख्खा जोड बदला. लहान मुलांच्या काही सायकलींत छऱ्यांच्या जागी प्लॅस्टिकचे बुश असतात. सस्पेन्शन शोभेचं, ओझं मात्र खरं. सुटा भाग मिळत नाही, मिळाला तर मजुरी धरून खर्च डोईजड होतो, आणि सायकल जिन्याखाली गंजत पडते. ज्या पुण्याला सायकलींचं शहर म्हणत, तिथे हे आम्ही चालू देणार नाही.

कायद्याचा आधार आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ८६ नुसार, वस्तू जोडताना वा तपासताना विक्रेत्यानं योग्य काळजी घेतली नाही आणि त्यातून इजा झाली, तर त्याला जबाबदार धरता येतं. ‘जोडणी ग्राहकाची’ असं छापून सुटू पाहणाऱ्यांना आम्ही ग्राहक आयोगासमोर नेऊ. २०२२ मध्ये केंद्र सरकारनं दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल उघडलं. त्यात शेतीची अवजारं, मोबाइल-इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं आणि वाहनं ही क्षेत्रं घेतली. सायकलीलाही तिथे स्वतःची जागा हवी.

जोडणाऱ्याचं नाव आणि सही पावतीवर असावी. नव्या ब्रेकची वायर पहिल्या काही आठवड्यांत ताणते, आऱ्या सैल होतात, रिंग आउट जाते. म्हणून महिन्याभरानं एक तपासणी विक्रेत्यानं फुकट करून द्यावी. झिजणारे सगळे भाग सुटे आणि सर्वत्र मिळणाऱ्या मापाचे असावेत. किंमत थोडी वाढेल, हे आम्ही लपवत नाही. अनुभवी कारागिराची थोड्या वेळाची मजुरी मुलाच्या दवाखान्याच्या बिलापुढे काहीच नाही.

सुरुवात आम्ही करतो. जूनमध्ये शाळा उघडण्याआधी आपापल्या चौकात पाने, ग्रीस आणि ब्रेकचे रबर घेऊन बसू. सायकल कुठूनही घेतलेली असो, तपासून देऊ आणि सापडलेला प्रत्येक दोष फोटोसह लिहून ठेवू. त्याच नोंदी घेऊन आम्ही विक्रेत्यांच्या दारात जाऊ. ज्यांना पाना धरता येतो त्यांनी या. ज्यांना येत नाही त्यांना शिकवू.