मठातील मुदपाकखाना

ख्रिस्ती मठांतील साधना संसारी माणसानेही आपल्या दिनक्रमात आणावी, असे सांगणारी पुस्तके आणि शिबिरे अलीकडे पुष्कळ झाली आहेत. मौन, मेणबत्तीचा प्रकाश, नेमक्या वेळी प्रार्थना, सावकाश वाचन, एवढी शिदोरी घेऊन माणूस तेथून घरी परततो. मठाची घंटा आता मोबाइलमध्येही वाजविता येते. नाताळच्या निमित्ताने या विषयावर चार शब्द लिहावेत असे आम्हांस वाटले, ते अशासाठी की या देवघेवीत मठाची एक खोली नेहमी मागेच राहते. ती खोली म्हणजे मुदपाकखाना.

संत बेनेडिक्ट यांनी सहाव्या शतकाच्या पूर्वार्धात इटलीतील मोंते कासिनोच्या डोंगरावर मठ स्थापिला आणि आपल्या बंधूंसाठी ७३ प्रकरणांची नियमावली लिहिली. धर्मसूत्रे आणि स्मृती चाळण्यात ज्याची हयात गेली, त्याला ती परकी वाटत नाही. केव्हा उठावे, काय ल्यावे, किती खावे-प्यावे, सारे तीत आहे. (‘प्रार्थना करा आणि काम करा’ या अर्थाचे लॅटिन वचन या संतांच्या नावावर सर्रास खपते. नियमावलीत ते कोठेही नाही. आपल्याकडे व्यासांच्या नावावर किती सुभाषिते जमा झाली आहेत, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना याचे नवल वाटणार नाही.) आम्ही थबकलो ते ३५व्या प्रकरणापाशी.

हे प्रकरण स्वयंपाकघराचे आहे. बंधूंनी आठवड्या-आठवड्याने एकमेकांची सेवा करावी; आजारी असलेल्या किंवा महत्त्वाच्या कामात गुंतलेल्या माणसाखेरीज कोणालाही त्यातून सूट नाही. दुर्बलांना मदतनीस द्यावा. शनिवारी, ज्याचा आठवडा संपला त्याने साफसफाई करावी आणि सर्वांनी हातपाय पुसलेली फडकी धुवावीत. मग जाणारा आणि येणारा अशा दोघांनी मिळून सर्व बंधूंचे पाय धुवावेत. भांडी स्वच्छ व धड स्थितीत कोठावळ्याकडे परत करावीत. ३१व्या प्रकरणात तर या कोठावळ्याला बजावले आहे की, मठातील प्रत्येक उपकरण त्याने वेदीवरील पवित्र पात्राप्रमाणे मानावे.

‘महत्त्वाचे काम’ या अपवादाच्या दारातून आपल्याकडील निम्मे जग बाहेर पडेल, हे आम्ही जाणतो.

बेनेडिक्ट यांना कुरकुरीचा मोठा तिटकारा होता. नियमावलीत ठिकठिकाणी तिची निर्भर्त्सना आहे. पण येथे ते उपदेश करून थांबत नाहीत. वाढणाऱ्या बंधूंना जेवणाच्या एक तास आधी, त्यांच्या ठरलेल्या वाट्याखेरीज, थोडे पेय आणि भाकरी द्यावी, म्हणजे ते कुरकुर न करता सेवा करतील, असे ते लिहितात. उपाशी पोटी दुसऱ्यास वाढणे काय असते, हे जाणणाऱ्याचा हा नियम आहे.

आपल्याकडे घडते ते उलट. काम हीच भक्ती, हे बहुधा पानावर बसलेला माणूस चुलीपाशी उभ्या असलेल्या माणसाला सांगत असतो. १७व्या शतकात पॅरिसच्या कार्मेलाईट मठात ब्रदर लॉरेन्स नावाचे एक बंधू होते. पूर्वी ते शिपाई होते. मठाच्या स्वयंपाकघरात त्यांनी कैक वर्षे काढली आणि भांड्यांच्या खणखणाटातही आपल्याला देवाचे सान्निध्य प्रार्थनेइतकेच लाभते, असे ते सांगत. १६९१ मध्ये ते निवर्तले. त्यांची संभाषणे आजही जगभर वाचली जातात. मात्र या कामाची त्यांना मुळात नावड होती, हे सांगावयाचे राहून जाते. ते बोल त्यांच्या तोंडी शोभतात, कारण हात त्यांचे पोळत होते.

आमच्या कीर्तनांतूनही हेच होते. जनाबाईंचे आख्यान लावले की श्रोते डोलतात, आणि दळण-कांडण करता करता नाम घ्यावे, एवढा बोध उचलतात. कथा मात्र सांगते की खुंट्याला विठ्ठलाने स्वतः हात लावला. तो उंबऱ्यावर बसून जनाबाईंना नामाचे महत्त्व सांगत राहिला नाही.

मठांनीही हा धडा सदैव पाळला, असे म्हणता येत नाही. १२व्या शतकापर्यंत सिस्टर्शियन मठांतून बरीचशी अंगमेहनत करणारे बंधू निराळे आणि स्तोत्रे गाणारे निराळे, अशी विभागणी रूढ झाली होती. वार वाटून घेण्याची रीत सर्वांत आधी सुटते. मौन पुष्कळ टिकते, कारण त्यात फडकी धुवावी लागत नाहीत.

नाताळात वसईला काय आणि दिवाळीत पंढरपुरास काय, तळणीपुढे कोण उभे असते हे वाचकांना सांगावयास नको. मठ घरी आणू इच्छिणाऱ्यांनी मौनाचा संकल्प काही दिवस लांबणीवर टाकला तरी चालेल. स्वयंपाकघरातील आठवडे आधी वाटून घ्यावेत आणि मिळवत्या पुरुषाचे नाव त्यातून वगळू नये. सप्ताहांतून आमच्याकडे वाढपी शेवटच्या पंगतीस उरलेसुरले खातात. त्यांच्या हाती तासभर आधी भाकरी ठेवण्यास कोणत्याही शास्त्राची आडकाठी आमच्या तरी वाचनात आलेली नाही.