विश्लेषण : बांधकामाच्या सॉफ्टवेअरमध्ये एआय एजंट, त्याच्या सूचना कोणी लिहायच्या?

बांधकाम प्रकल्पांचे व्यवस्थापन करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आता एआय ‘एजंट’ शिरू लागले आहेत. दिवसाचा अहवाल तयार करणे, सल्लागाराला शंका पाठवणे, बिलाची नोंद करणे अशी कामे त्यांच्याकडून करून घेता येतात. चर्चा होते ती एजंट किती हुशार आहे याची. पण त्याच्या हाती दिलेल्या प्रत्येक साधनासोबत जो चार-सहा ओळींचा मजकूर असतो, त्यावर कामाचा बरा-वाईट निकाल बराचसा ठरतो. तो मजकूर एकट्या प्रोग्रामरवर सोडणे धोक्याचे आहे.

एजंट नेमके काय करतो?

साधा चॅटबॉट उत्तर देतो, एजंट कृती करतो. प्रोकोर, ऑटोडेस्क अशा कंपन्यांच्या बांधकामविषयक सॉफ्टवेअरना एपीआय असतात. एपीआय म्हणजे एका प्रणालीने दुसरीकडे काम मागण्याची ठरलेली खिडकी. या खिडक्या एजंटला ‘टूल’ म्हणून दिल्या जातात. अँथ्रोपिक कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये खुल्या केलेल्या ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ अर्थात एमसीपी या पद्धतीत प्रत्येक टूलचे नाव, वर्णन आणि त्याला कोणती माहिती द्यायची याचा आराखडा असतो. टूलमागचा कोड एजंटला सहसा दिसत नाही. कोणते टूल केव्हा वापरायचे, हे तो या वर्णनावरूनच ठरवतो.

जुने दस्तावेज का पुरत नाहीत?

एपीआयची माहितीपत्रके आजवर प्रोग्रामरसाठी लिहिली गेली. त्यात काही अर्धवट असेल, तर प्रोग्रामर सहकाऱ्याला विचारतो, करून पाहतो. एजंट मात्र अनेकदा अंदाज बांधून पुढे जातो.

आरएफआयचे उदाहरण घ्या. ड्रॉइंगमध्ये विसंगती दिसली की ठेकेदार सल्लागाराला जी औपचारिक शंका विचारतो, ती आरएफआय. तिची आणि उत्तराची तारीख पुढे मुदतवाढीच्या वादात पुरावा ठरू शकते. टूलच्या वर्णनात ‘आरएफआय तयार करते’ एवढेच असेल, तर ‘त्या बीमचं जरा बघ’ या अभियंत्याच्या वाक्यावरून एजंट थेट सल्लागाराला शंका धाडू शकतो.

वर्णन असे हवे : ‘आरएफआयचा मसुदा जतन करते, पाठवत नाही. आधी त्याच ड्रॉइंगवर प्रलंबित आरएफआय आहे का ते शोधा. ड्रॉइंग क्रमांक आणि रिव्हिजन माहीत नसल्यास वापरकर्त्याला विचारा.’

एककांचा घोळ किती महाग?

‘परिमाण : संख्या’ असा रकाना प्रोग्रामरला पुरेसा वाटतो. साइटवर तो पुरत नाही. आपल्याकडे वाळूचा १ ब्रास म्हणजे १०० घनफूट, सुमारे २.८३ घनमीटर. प्लास्टरच्या कामात तोच ब्रास १०० चौरस फुटांचा होतो. एजंटने ‘५’ लिहिले, तर ते ब्रास की घनमीटर? फरक जवळपास तिपटीचा आहे. तारखेचेही तसेच. ०५/०६ म्हणजे आपल्याकडे ५ जून, अमेरिकी पद्धतीत ६ मे.

एककांच्या अशाच गोंधळाने १९९९ मध्ये ‘नासा’चे मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान गमावले. एका प्रणालीने पौंडांवर आधारित आकडे दिले, दुसरीने ते मेट्रिक समजून वापरले. तिथे तर एआय नव्हताच.

परत न फिरणाऱ्या कामांचे काय?

नोंद वाचणे आणि बिल मंजूर करणे यात जमीन-अस्मानाचे अंतर आहे. नेटवर्क तुटले म्हणून एजंटने तेच काम पुन्हा केले, तर एकाच बिलाच्या दोन नोंदी होऊ शकतात. टूल फक्त वाचते का, काही पुसून टाकते का, दोनदा चालवले तर परिणाम बदलतो का, हे सांगण्याची सोय एमसीपीमध्ये आहे. पण ती सूचना आहे, कुलूप नव्हे. कुलूप सॉफ्टवेअरमध्येच हवे. एजंटला वापरकर्त्याच्या पदापेक्षा जास्त अधिकार नकोत आणि मंजुरीचे बटण माणसाच्याच हाती राहावे. मोजमाप पुस्तिकेवर सही करणारा अभियंता जबाबदार असतो. एजंटमुळे ती जबाबदारी हवेत विरता कामा नये. चुकीच्या नोंदीने बिल अडकले, तर झळ शेवटी छोट्या ठेकेदाराला आणि त्याच्या मजुरांच्या पगाराला बसते.

मॉडेल सुधारली की प्रश्न सुटेल?

काही तंत्रज्ञांना तसे वाटते. पण उत्तम कॉलेजातून आलेल्या नव्या अभियंत्यालाही या कंपनीत ‘मंजूर’ म्हणजे सल्लागाराची मंजुरी की मालकाची, हे कोणीतरी सांगावेच लागते. हा हुशारीचा नव्हे, माहितीचा प्रश्न आहे. मात्र म्हणून पानेच्या पाने लिहिणे हाही उपाय नाही. एजंटची एका वेळी वाचण्याची मर्यादा असते आणि एकसारखी दिसणारी खूप टूल दिली की निवड चुकते. टूल मोजकी हवीत, त्यांची नावे वेगळी ओळखू यावीत, वर्णन नेमके असावे.

मग करायचे काय?

हा मजकूर लिहिताना प्रोग्रामरच्या शेजारी साइट इंजिनीअर आणि बिलिंग इंजिनीअर बसवावेत. साइटवर लोक जसे मराठी-हिंदी-इंग्रजी मिसळून बोलतात, तशी खरी वाक्ये चाचणी प्रकल्पात देऊन एजंट कोणते टूल निवडतो ते तपासावे. मजकुरात बदल केला की ही चाचणी पुन्हा घ्यावी. सॉफ्टवेअर विकत घेणाऱ्यांनीही विक्रेत्याकडे एजंटच्या टूलची यादी आणि त्यांची वर्णने मागावीत.

ड्रॉइंगवर तारीख, रिव्हिजन क्रमांक आणि सही नसेल, तर जबाबदार अभियंता त्यावर काम सुरू करत नाही. एजंटला दिलेल्या सूचनांनाही तोच नियम लावायला हवा.