गाडी पुसू नका, धुवा!



'पुसले की गाडी स्वच्छ होते' हे वाक्य इतके सरळ आहे, की त्याविषयी शंका घ्यावी असे कुणाला वाटत नाही. आमच्या नागपूरच्या नंदनवन भागात किंवा तुमच्या गावच्या कोणत्याही वस्तीत सकाळी सातच्या सुमारास एक फेरी मारा. फाटकापुढच्या मोटारींवर कोरडी फडकी फिरताना दिसतील. सुटीच्या दिवशी हे काम बहुधा तुमच्याच वाट्याला येते. माझे स्पष्ट मत असे, की रंगाची झळाळी घालवण्यात या रोजच्या कोरड्या फडक्याचा मोठा हात आहे. आठवड्यातून एकदा, सावलीत, तीन बादल्या पाण्याने गाडी धुवावी आणि मधल्या दिवसांत तिला उगीच हात लावू नये. मात्र मी म्हणतो म्हणून हे मान्य करू नका. कारणे पाहा, प्रयोग करा आणि मग ठरवा.

धुळीत काय असते?

कोणता पदार्थ कोणत्या पदार्थावर चरा पाडतो, हे पाहून फ्रीड्रिख मोस या खनिजशास्त्रज्ञाने १८१२ साली काठिण्याची एक श्रेणी तयार केली. तिच्यात शंखजिऱ्याला १ आणि हिऱ्याला १० क्रमांक आहे. क्वार्ट्‌झचा, म्हणजे आपल्या गारगोटीचा, क्रमांक ७ आहे. चाकूचे पोलाद साडेपाचच्या आसपास येते. नागपुरात घरे बांधताना कन्हान नदीची वाळू वापरतात आणि तिच्यात क्वार्ट्‌झ भरपूर असते. बांधकामाशेजारी उभ्या असलेल्या गाडीवर याच वाळूचे बारीक कण येऊन बसतात.

आता ज्यावर ते बसतात तो थर पाहा. हल्लीच्या गाड्यांवर रंगाच्या वर एक पारदर्शक लेप असतो. तो प्लॅस्टिकच्या जातीचा, त्यामुळे गारगोटीपेक्षा पुष्कळच मऊ असतो. त्याची जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे तुमच्या डोक्यावरच्या केसाच्या जाडीहूनही कमी. अशा लेपावर गारगोटीचा भुगा ठेवून वरून फडके दाबून फिरवणे म्हणजे त्यावर पॉलिशकागद घासण्यासारखेच नाही का?

प्रयोग पहिला : प्लॅस्टिकच्या डब्याचे एक जुने, चकचकीत झाकण घ्या. अर्ध्या भागावर अंगणातली चिमूटभर धूळ टाकून कोरड्या फडक्याने दहा वेळा पुसा. उरलेल्या अर्ध्यावर तेवढीच धूळ टाका. पण आधी पाणी ओतून ती वाहून जाऊ द्या आणि मग ओल्या फडक्याने पुसा. झाकण दिव्याखाली धरून दोन्ही भागांची तुलना करा.

रात्री रस्त्यावरच्या दिव्याखाली एखादी जुनी काळी गाडी पाहिलीत, तर दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळे दिसतील. फडके गोल फिरवल्यामुळे ती पडली, असे पुष्कळांना वाटते. पण तुम्ही डोके हलवले, की वर्तुळेही सरकतात! खरे पाहता चरे सर्व दिशांना असतात; प्रतिबिंबाभोवती आडवे येणारे तेवढेच चरे आपल्या डोळ्याकडे प्रकाश परावर्तित करतात, म्हणून वर्तुळाचा भास होतो. घासून घासून जुने झालेले स्टीलचे ताट दिव्याखाली धरा. तेथेही हेच दिसेल.

पाणी किती आणि कसे?

कोरडे पुसू नका म्हटल्यावर काही जण रबरी नळी सुरू करतात. हेही मला मान्य नाही. तुमच्या नळाखाली १५ लिटरची बादली भरायला किती वेळ लागतो ते मोजा. एक मिनिट लागत असेल, तर वीस मिनिटांत ३०० लिटर पाणी गेले. नागपूरला मुख्यतः पेंच प्रकल्पातून पाणी मिळते. २०१९ च्या जुलैत पावसाने ओढ दिली, तेव्हा याच शहरात दिवसाआड पाणी देण्याची पाळी आली होती, हे विसरून चालणार नाही.

तीन बादल्या, म्हणजे ४५ लिटर पाणी पुरते. पहिल्या बादलीतले पाणी तांब्याने छपरापासून खाली हळूहळू ओता. बरीचशी धूळ त्यातच वाहून जाते. दुसऱ्या बादलीत थोडासा सौम्य साबण मिसळा. तिसरी बादली केवळ फडके खळबळून घेण्यासाठी ठेवा. वाळूचे कण तिच्या तळाशी बसतात आणि पुन्हा गाडीवर जात नाहीत. छपर आधी, दारांचा खालचा भाग शेवटी. पहिल्या बादलीतले थोडे पाणी अखेरच्या धुण्यासाठी राखून ठेवा.

उन्हात गाडी धुवू नये. २३ मे २०१३ रोजी नागपूरचे तापमान ४७.९ अंश सेल्सिअसवर गेले होते. अशा दिवशी उन्हातला पत्रा हवेपेक्षाही जास्त तापतो. पाण्याचे झटकन बाष्पीभवन होते आणि त्यातले कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार डाग रूपाने मागे राहतात. थेंब भिंगासारखे काम करून रंग जाळतात, असेही सांगतात. परंतु पत्र्यावर बसलेला थेंब चपटा असतो आणि त्याची नाभी पत्र्याच्या बरीच खाली पडते. दोष भिंगाचा नाही, क्षारांचा आहे.

प्रयोग दुसरा : स्टीलच्या ताटलीवर एक थेंब कूपनलिकेच्या पाण्याचा आणि एक बॅटरीत घालायच्या शुद्ध पाण्याचा ठेवून ताटली उन्हात ठेवा. डाग कोणता राहतो ते पाहा.

अळवावरचे पाणी

अळवाच्या पानावर पाणी ठरत नाही, कारण पानावर मेणाचा थर आणि सूक्ष्म उंचवटे असतात. गाडीला लावायचे मेणही असेच, पण कमी प्रमाणात काम करते. पाण्याचे पृष्ठताण थेंबाला गोल राखते आणि धूळ पृष्ठभागाला घट्ट चिकटत नाही. असे एक प्रसिद्ध मेण ब्राझीलमधल्या कार्नोबा ताडाच्या पानांपासून मिळते. कपडे धुण्याची सोडायुक्त पावडर हा थर धुऊन नेते, म्हणून ती टाळावी. पाणी मोत्यांसारखे न राहता पसरू लागले, की पुन्हा मेण लावायची वेळ झाली असे समजावे.

चाकांची गोष्ट थोडी निराळी. १,००० किलोग्रॅम वस्तुमानाची गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने जात असताना तिची गतिज ऊर्जा सुमारे १ लाख ३९ हजार ज्यूल असते. गाडी थांबवताना त्यातली बरीचशी ऊर्जा ब्रेकमध्ये उष्णता होते. एक लिटर पाणी ३३ अंशांनी तापवील एवढी ही उष्णता आहे! म्हणून गाडी आली की लगेच चाकांवर थंड पाणी ओतू नये. चाकांवरच्या काळ्या भुकटीत ब्रेकचे लोखंड असते. कागदात गुंडाळलेले चुंबक फिरवून खात्री करा. या भुकटीसाठी फडके वेगळेच ठेवावे. चाक ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे असेल, तर संडास साफ करण्याचे आम्ल त्याला कधीही लावू नका. ॲल्युमिनियमवर आम्लाची रासायनिक क्रिया होते.

'धूळ तशीच राहिली तर लोक काय म्हणतील?' असा प्रश्न घरात निघेल. नुसती बसलेली धूळ आठवडाभर फारसे काही बिघडवत नाही. ती घासली की बिघडवते. पाखरांची विष्ठा मात्र त्याच दिवशी भिजवून काढावी. दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा. अनेक घरी महिन्याच्या बोलीवर गाडी पुसायला माणूस येतो. एकाच फडक्याने आणि गढूळ पाण्याच्या एकाच बादलीने त्याला दहा गाड्या पुसाव्या लागतात. दोष त्याचा नाही. आपण त्याला तेवढेच देतो. त्याला तेवढाच पगार देऊन रोजच्या पुसण्याऐवजी आठवड्याचे एक नीट धुणे मागावे. त्याची कमाई राहील, रंगही राहील.

आणि साबण बेताने वापरा. नंदनवनाजवळून नाग नदी वाहते. ती कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, आणि वैनगंगेवर गोसीखुर्दचे धरण आहे. आपल्या फाटकापुढचा फेस फाटकापाशी संपत नाही.

या रविवारी दोन्ही प्रयोग करा आणि ते झाकण घरच्यांना दाखवा. तुमच्या शब्दांपेक्षा त्यावरचे चरे अधिक बोलतील.