उधारीवरचा शेवट

एक काळ असा होता की चित्रपट संपला की पडद्यावर ‘समाप्त’ अशी पाटी यायची आणि माणसे उठून घरी जायची. ती पाटी म्हणजे कथाकाराने प्रेक्षकाला दिलेला शब्द होता. तुमच्याकडून घेतलेल्या पैशाचा आणि वेळेचा हिशेब इथे पुरा झाला, असा त्याचा अर्थ. आज ती पाटी गेली. नावे सरकून जाईपर्यंत माणसे खुर्चीतच बसून राहतात, कारण नावांच्या मागे आणखी एक तुकडा दडवलेला असतो आणि त्या तुकड्यात पुढच्या चित्रपटाची जाहिरात असते. आमच्या मते ही सरळसरळ उधारी आहे आणि ती आता कथेच्याच मुळावर आली आहे.

शेवट म्हणजे काय, हे आधी नीट समजून घेऊ. ‘मदर इंडिया’मध्ये (1957) राधा पोटच्या बिरजूवर गोळी झाडते. ‘दीवार’मध्ये (1975) विजय मंदिरात आईच्या मांडीवर डोके ठेवून मरतो. बिरजू आणि विजय परत येणार नाहीत, म्हणूनच त्या दोन्ही आयांच्या दुःखाला वजन आहे. बिरजू पुढच्या भागात उठून उभा राहिला असता तर राधेच्या हातातली बंदूक जत्रेतले खेळणे ठरली असती.

याचा अर्थ शेवट बंदिस्तच हवा असा नाही. एम. एस. सथ्यू यांचा ‘गर्म हवा’ (1974) आठवा. आग्र्याचे सलीम मिर्झा चपला-बुटांचा धंदा बुडालेला, घर गेलेले, मुलगी गेलेली अशा अवस्थेत अखेर पाकिस्तानला जायला टांग्यात बसतात. वाटेत बेकारांचा मोर्चा लागतो. मुलगा त्यात उतरतो. मग बाप बायकोला माघारी घरी धाडतो आणि स्वतःही मोर्चात मिसळतो. पुढे त्यांचे काय झाले ते चित्रपट सांगत नाही. तरीही तो पूर्ण शेवट आहे, कारण माणसाने आपला निर्णय घेतलेला आहे. निर्णयापाशी थांबलेली गोष्ट आणि पुढच्या तिकिटासाठी लांबवलेली गोष्ट यांतला फरक ज्याला कळत नाही, त्याने कथेच्या वाटेला जाऊ नये.

आम्हाला कोणी म्हणेल, मालिका तर आपल्याकडे जुनीच आहे. मान्य. अमीर हमज्याची दास्तान पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. शहरजादने तर गोष्ट रोज रात्री अर्ध्यावर सोडली. पण पहाट झाली की तिच्या मानेवर तलवार होती. आजच्या निर्मात्याच्या मानेवर काय आहे? आमच्या वडीलधाऱ्यांच्या पिढीने इब्ने सफीची ‘जासूसी दुनिया’ महिन्यामागून महिने वाचली. फरीदी आणि हमीद तेच, पण बहुतेक वेळी पुस्तक मिटले की गुन्ह्याचा उलगडा झालेला असे. ‘लगे रहो मुन्नाभाई’ (2006) हा दुसराच भाग होता, पण तो पहिल्याची थकबाकी वसूल करायला आला नव्हता; स्वतःची गोष्ट घेऊन आला होता. ‘बाहुबली’ने 2015 साली कटप्पाचा प्रश्न टांगून ठेवला, पण 2017 साली त्याचे उत्तर दिले आणि गोष्ट संपवली. तेव्हा आमचे भांडण दुसऱ्या भागाशी नाही.

आमचे भांडण आहे ते शेवटच नाकारण्याशी. ‘पुष्पा’चा पहिला भाग 2021 साली आला, दुसरा 2024 साली. हा दुसरा भाग तीन तासांहून लांब, आणि अखेरीस काय, तर लग्नघरात स्फोट आणि तिसऱ्या भागाचे नाव. ‘दृश्यम’चे (हिंदी, 2015) तर याहून वाईट झाले. पोलीस ज्याचा शोध घेत आहेत ते प्रेत नव्या पोलीस ठाण्याच्याच जमिनीखाली गाडलेले आहे, असा अस्सल शेवट त्या कथेला लाभला होता. दुसऱ्या भागाने (2022) ती जमीन अक्षरशः खणून काढली. ‘मार्व्हल’वाल्यांनी आयर्न मॅनला 2019 साली मारले, जगभरच्या पोरांना रडवले आणि 2024 साली तोच नट खलनायकाचा मुखवटा घालून परत येणार असल्याचे जाहीर केले. मरण हीदेखील आता करारातली एक अट झाली आहे.

जिथे मरण पक्के नाही तिथे सत्य तरी पक्के कसे राहील? जून 2025 मध्ये ‘हाउसफुल 5’ दोन वेगवेगळ्या शेवटांसह लागला. एका पडद्यावर खुनी एक, शेजारच्या पडद्यावर खुनी दुसरा. पाहिजे तो निवडा, किंवा दोन्ही तिकिटे काढा. दोनच महिन्यांत ‘रांझणा’ची (2013) तमिळ आवृत्ती पुन्हा लागली, तर बनारसचा कुंदन, जो मूळ चित्रपटात मरतो, तो संगणकाच्या करामतीने जिवंत झालेला! दिग्दर्शक आनंद एल. राय आणि नट धनुष यांनी जाहीर निषेध केला, पण चित्रपटाचे हक्क त्यांच्या हाती नव्हते. ज्याने गोष्ट सांगितली त्याचा शेवटावर अधिकार नाही, ज्याच्या तिजोरीत कागद आहे त्याचा आहे. इथवर आपण आलो.

कोणी म्हणेल, करमणुकीच्या गोष्टीचा एवढा बाऊ कशाला? बाऊ एवढ्यासाठी की न संपणाऱ्या गोष्टीला न संपणारा शत्रू लागतो. ‘सिंघम’चा (2011) खलनायक जयकांत शिक्रे. तो मेला, प्रकरण मिटले. ‘सिम्बा’चा (2018) दुर्वा रानडे. तोही संपला. त्यांच्या खानदानातला कोणी सूड उगवायला आला नाही. पण पोलिसांच्या या चित्रपटांची साखळी गुंफायची ठरली तेव्हा एका चित्रपटात न मावणारा शत्रू हवा होता. तो ‘सूर्यवंशी’मध्ये (2021) सापडला: उमर हाफीज. ‘सिंघम अगेन’मध्ये (2024) तो पुन्हा आहे, आणि त्याच्या मागून त्याच्याच घराण्यातला झुबेर हाफीज. ‘सूर्यवंशी’त गणपतीची मूर्ती हलवायला धावून येणारे मुसलमानही दाखवले आहेत, हे आम्ही विसरत नाही. पण ते एका गाण्यापुरते येतात आणि जातात. दुष्टावा मात्र वारसाहक्काने चालतो. शिक्रेचे वाईटपण त्याचे एकट्याचे, हाफीजचे वाईटपण पिढीजात. याला लेखकाचा द्वेषच कारण आहे असे आम्ही म्हणत नाही. धंद्याची सोयदेखील एवढे काम करू शकते, हेच अधिक भयंकर आहे.

‘लोकांना हेच हवे’ असे सांगणाऱ्यांना आम्ही ‘सैराट’ (2016) दाखवतो. आर्ची आणि परश्या गेले. रक्तात भिजलेली चिमुकली पावले उमटत गेली आणि नागराज मंजुळे यांनी आवाजही काढून घेतला. या शेवटानंतरही लोक पुन्हा पुन्हा गेले. तोवर मराठीत कोणत्याही चित्रपटाने कमावले नव्हते एवढे त्याने कमावले. त्याचा दुसरा भाग निघाला नाही, कारण तिथे शिल्लक काहीच ठेवलेले नव्हते. हिंदीत ‘धडक’ (2018) करताना शेवट बदलला. मग 2025 साली ‘धडक 2’ आला. त्याचा ‘सैराट’शी धागा नाही, ते मारी सेल्वराज यांच्या ‘परियेरुम पेरुमाल’ (2018) या तमिळ चित्रपटाचे हिंदी रूप. मूळ चित्रपट चहाचे दोन पेले आणि त्यांच्यामधले एक फूल दाखवून थांबतो; जातीने दोन माणसांत किती अंतर ठेवले आहे ते त्यातून कळते. अशा कथेलाही स्वतःच्या नावाने उभे राहू दिले नाही, दुसऱ्याच्या नावापुढे आकडा लावून ती विकायला काढली.

आमची मागणी साधी आहे. दुसरा भाग काढायचा तर काढा, पाचवाही काढा. पण ज्या खेळाचे पैसे घेतले त्या खेळातली गोष्ट त्याच खेळात संपवा. मेलेल्याला मेलेला राहू द्या. शत्रूला शिक्षा केलीत ना, मग त्याच्या नातवंडांची नावे पुढच्या भागासाठी राखून ठेवू नका. आमच्यातली जी तरुण मुले-मुली आज पटकथा लिहायला निघाली आहेत त्यांनी करारावर सही करताना एवढे विचारावे: माझा शेवट माझा राहील काय? उत्तर नाही असे आले, तर ती गोष्ट कथासंग्रहात छापावी. तिथे अजून कोणी शेवटचे पान बदलत नाही.

आणि आपण प्रेक्षकांनी? नावे सरकू लागली की उठावे. पुढच्या उधारीचा तो तुकडा रिकाम्या खुर्च्यांना दाखवू द्या.