आजीला काय सांगायचं?

बुधवारी ऑफिसातून घरी यायला साडेसहा वाजतात. मग आम्ही एक पौंड बीफचा खिमा आलं-लसणावर परततो, त्यात अर्धा कोबी बारीक चिरून घालतो, मोठ्या आचेवर पाच मिनिटं ठेवतो आणि वरून सोया सॉस, थोडं तिळाचं तेल. (मीठ चाखूनच घाला, सोया सॉस खारट असतो.) गरम भाताबरोबर हाच कोबी मुलं पुन्हा मागून घेतात, एरवी भाजीला नाकं मुरडतात!

पण पुण्याहून आजीचा फोन आला की आम्हीच खुणावतो, "चिकन सांग हं." पालकहो, हे आम्हाला आता पटत नाही. आजी रागावेल, कदाचित महिनाभर बोलणार नाही. तरी मुलांना मराठीतून पहिलं खोटं आम्हीच शिकवावं? येत्या रविवारी फोनवर आम्ही स्वतःच सांगणार आहोत.