कर्करोगाची गोळी तयार आहे; ती कोणाला मिळते?

२०२२ मध्ये स्तनांचा कर्करोग झालेल्या एका महिलेने केरळ उच्च न्यायालयात याचिका दाखल केली. रायबोसिक्लिब या औषधासाठी तिला दरमहा सुमारे ५८ हजार रुपये मोजावे लागत होते. औषध पेटंटखाली असल्याने इतर कंपन्यांना ते बनवता येत नव्हते. सरकारने सक्तीचा परवाना देऊन ते स्वस्त करावे, ही तिची मागणी. निकालाआधीच तिचे निधन झाले. प्रश्न तिच्या एकटीचा नाही, हे ओळखून न्यायालयाने प्रकरण स्वतःहून पुढे चालवले.

रुग्णांच्या कुटुंबांसोबत काम करताना हाच प्रश्न आमच्यासमोर वारंवार येतो. म्हणून हे औषध काय करते आणि ते महाग का, हे दोन्ही आपण समजून घेतले पाहिजे.

निरोगी पेशी वाटेल तेव्हा विभागत नाही. आरबी नावाचे प्रथिन तिच्यावर ब्रेकसारखे काम करते. सीडीके-४ आणि सीडीके-६ ही विकरे, म्हणजेच एन्झाइम, सायक्लिन-डी या प्रथिनाच्या जोडीने हा ब्रेक सैल करतात आणि मग पेशीचे विभाजन पुढे सरकते. संप्रेरकांवर पोसल्या जाणाऱ्या स्तनांच्या कर्करोगात ब्रेक सतत सैल राहतो. पाल्बोसिक्लिब, रायबोसिक्लिब आणि अबेमासिक्लिब ही औषधे लहान रेणूंची आहेत. ती विकराच्या खाचेत बसून त्याचे काम थांबवतात. ती तोंडाने घेता येतात. पण पांढऱ्या पेशी कमी होऊ शकतात, म्हणून वेळोवेळी रक्ततपासणी करावी लागते. शरीरात पसरलेला आजार यामुळे मुळापासून जात नाही, मात्र त्याची वाढ बराच काळ रोखता येते.

किती काळ? मोनालीसा-२ या चाचणीत प्रगत अवस्थेतील आजार असलेल्या, रजोनिवृत्ती झालेल्या स्त्रिया होत्या. फक्त लेट्रोझोल घेणाऱ्यांचे मध्यक आयुष्य ५१.४ महिने भरले; सोबत रायबोसिक्लिब घेणाऱ्यांचे ६३.९ महिने. म्हणजे वर्षभराहून जास्त. मुलांचे शिक्षण अर्धवट असलेल्या घरात आईचे एक वर्ष किती मोलाचे असते, हे आकड्यात सांगता येत नाही.

पाल्बोसिक्लिबचे भारतातील पेटंट जानेवारी २०२३ मध्ये संपले. अनेक भारतीय कंपन्यांनी ते बाजारात आणले आणि किंमत झपाट्याने उतरली. रेणू तोच, परिणाम तोच. बदलली ती फक्त मक्तेदारी. पण 'मग तेच घ्या' एवढ्यावर हा प्रश्न मिटत नाही. पालोमा-२ चाचणीत पाल्बोसिक्लिबमुळे आजार आटोक्यात राहण्याचा काळ १४.५ वरून २४.८ महिन्यांवर गेला, तरी एकूण आयुष्य वाढल्याचे सिद्ध झाले नाही. कोणते औषध द्यायचे हे डॉक्टरने रुग्ण पाहून ठरवावे, रुग्णाचे पाकीट पाहून नव्हे.

कायद्यात मार्ग आहे. पेटंट कायद्याच्या कलम ८४ नुसार, पेटंट दिल्यापासून तीन वर्षांनंतर, औषध परवडणाऱ्या किमतीत मिळत नसेल तर सक्तीचा परवाना मागता येतो. मार्च २०१२ मध्ये मुंबईतील पेटंट कार्यालयाने सोराफेनिब या कर्करोगाच्या औषधासाठी असा परवाना नॅटको कंपनीला दिला. महिन्याचा सुमारे २ लाख ८० हजारांचा खर्च ९ हजारांच्या आत आला. मुंबई उच्च न्यायालयानेही २०१४ मध्ये तो निर्णय कायम ठेवला. त्यानंतर मात्र या कलमाखाली दुसरा परवाना दिला गेला नाही. कायदा आहे, वापरण्याची इच्छा नाही.

संशोधनाला पैसा लागतो, असे कंपन्या सांगतात. ते खरेच आहे. पण पेशीविभाजनाचे हे नियंत्रण उलगडून २००१ चे नोबेल मिळवणारे लेलँड हार्टवेल, टिम हंट आणि पॉल नर्स यांनी काम केले ते विद्यापीठांत आणि ना-नफा संस्थांत. पाया समाजाने घातला असेल, तर किमतीवर बोलण्याचा हक्कही समाजाचा आहे.

कार्यकर्त्यांनी दोन कामे हाती घ्यावीत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत या तीनपैकी कोणती औषधे बसतात, हे माहितीच्या अधिकारात लेखी विचारावे आणि उत्तर वस्तीत पोहोचवावे. दुसरे, पैशाअभावी कोणी बाई गोळ्या मध्येच बंद करत असेल, तर तिला एकटीला सोडू नये. तिच्यासोबत रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात जावे. केरळच्या त्या महिलेने लढा एकटीने सुरू केला. तो पुढे नेणे आपल्या सर्वांचे काम आहे.